एकशे तेराची वंशावळ

आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी माजघरात एक वंशावळ टांगलेली होती. मोठ्या काकांनी ती स्वतःच्या हाताने काढलेली. जाड कागद, मागून मांजरपाट लावलेलं, वर-खाली लाकडी दांड्या, शाळेतल्या नकाशासारखी. माथ्यावर मूळपुरुष आणि त्याखाली फांद्या फुटत फुटत आठ पिढ्या. आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत दख्खनेतून माळव्यात आले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण नेमकं कोण आलं, कुठल्या गावाहून, ते कुणाला सांगता येत नव्हतं. त्यासाठी काकांनी नाशिकला तीन खेपा केल्या. क्षेत्रोपाध्यायांना जुन्या चोपड्या काढायला लावल्या, मोडी वाचणारा माणूस गाठला आणि आपल्या आजोबांच्या हातच्या चार ओळींवरून त्यांचे वडील, त्यांच्यावरून त्यांचे आजोबा, असे वर वर चढत गेले. सगळ्यात वरचं नाव सापडलं त्या दिवशी त्यांनी नाशिकहून इंदूरला तार केली होती. घरात कुणी गेलं की काय म्हणून आजीचे हातपाय गळाले होते, असं आई सांगायची.

मी दहा वर्षांची असेन. एकदा स्टुलावर चढून त्या वंशावळीत माझं नाव शोधू लागले. वडिलांच्या नावाखाली एकच रेघ होती आणि तिच्या टोकाला माझ्या धाकट्या भावाचं नाव. काकांना विचारलं. ते म्हणाले, "तू लग्न होऊन जाशील ना बाळ, तुझं नाव तिकडच्या वंशावळीत येईल." काका प्रेमळ होते. मला सायकल त्यांनीच शिकवली, बी.एस्सी.साठी होळकर कॉलेजात घालायला वडिलांना त्यांनीच राजी केलं. पण तिकडच्या वंशावळीत माझं नाव आलं नाही. तिथे माझ्या यजमानांच्या नावाखाली मुलाचं नाव आहे. मुलीचं तिथेही नाही.

मी चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, हिंदी माध्यमाच्या शाळेत. घरी मराठीत 'मूलद्रव्य' म्हणायचं आणि वर्गात शिरलं की 'तत्त्व'. वर्गातला आवर्तसारणीचा तक्ता १०३ वर, लॉरेन्सियमपाशी, संपायचा. पुढच्या चौकटी छापलेल्याच नव्हत्या. नवं काही जाहीर झालं की मी पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून खळीने तिथे चिकटवायची. १०४, १०५, १०६ करत तक्ता खालच्या कडेबाहेर वाढत चालला. ज्यांचं नाव ठरलेलं नसे त्यांना आकड्यांवरून तात्पुरतं नाव असायचं. एक, एक, तीन यांचं अनअनट्रायम. मुलांना ते म्हणायला फार आवडे. मला ते नाव वाटत नसे. बारशाआधी बाळाला नुसतं 'बाळ' म्हणतात, तसं काहीतरी.

एकशे तेराची चिठ्ठी मी २००४ च्या दिवाळीआधी लावली. पेन्सिलने लिहून. कारण ते मूलद्रव्य जगात आहे की नाही, यावर जाणत्यांचं एकमत व्हायचं होतं.

ते बनवायची कल्पना सातवीतल्या मुलाला कळेल इतकी साधी आहे. मूलद्रव्याचा क्रमांक म्हणजे त्याच्या अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांची संख्या. जस्ताच्या अणुकेंद्रात ३० प्रोटॉन असतात, बिस्मथच्या केंद्रात ८३. दोन्ही केंद्रं एक झाली की ११३. टोकियोजवळ वाको इथे रिकेन ही १९१७ साली निघालेली संशोधन संस्था आहे. तिथे कोसुके मोरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर २००३ मध्ये हे काम सुरू केलं. बेरीज सोपी, पण दोन्ही केंद्रांवर धनभार. जवळ आली की एकमेकांना दूर लोटतात. जस्त कमी वेगाने गेलं तर माघारी फिरतं, जास्त वेगाने गेलं तर जुळलेलं केंद्र तापून तिथल्या तिथे फुटतं. वेग नेमका लागतो, प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दहावा हिस्सा. जस्तही साधं चालत नाही, ७० वस्तुमानांकाचं लागतं, आणि खाणीतल्या जस्तात असे अणू शेकड्याला एकसुद्धा भरत नाहीत. बिस्मथ २७१ अंशांवर वितळतं, म्हणून त्याचा पातळ थर फिरत्या चाकावर बसवायचा, म्हणजे मारा एकाच जागी होत नाही. आणि मारा किती, तर सेकंदाला दोन लाख कोटींहून अधिक जस्ताचे कण. रात्र नाही, दिवस नाही. नऊ वर्षांत प्रत्यक्ष मारा चालू होता असे दिवस मोजले तर साडेपाचशेच्या वर भरतात.

एवढ्यातून हाती आले तीन अणू.

हा आकडा मी फळ्यावर लिहिला की वर्ग शांत व्हायचा. तीन ग्रॅम नाही, तीन कण नाही, तीन अणू. पहिला २३ जुलै २००४ ला, दुसरा २ एप्रिल २००५ ला, तिसरा १२ ऑगस्ट २०१२ ला. पहिला किती जगला? सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले ३४४. वर्तमानपत्रांत अशा मूलद्रव्यांना हटकून 'क्षणभंगुर' म्हणतात. मला तो शब्द इथे पटत नाही. मूलद्रव्य सापडलं असं म्हणायला ते निदान किती काळ टिकलं पाहिजे, याची एक मर्यादा ठरलेली आहे: सेकंदाच्या एकावर चौदा शून्यं इतक्या भागांपैकी एक. एवढ्या वेळात उघडं केंद्र आपल्याभोवती इलेक्ट्रॉन गोळा करून अणू होऊ शकतं, असा त्यामागचा विचार. या मापाने मोजलं तर तो पहिला अणू लागणाऱ्या वेळेच्या तीन हजार कोटी पटींहूनही जास्त जगला. आपल्या घड्याळात ते दिसत नाही, हा घड्याळाचा प्रश्न. अणूच्या मापाने ते पुरं आयुष्य होतं.

पण तो कुणी पाहिला नव्हता. पाहणं शक्यच नव्हतं. मग तो होता हे कळलं कसं?

जस्ताच्या लोंढ्यातून नवं जड केंद्र वेगळं काढणारं एक यंत्र आहे, गॅरिस नावाचं. आत विरळ हेलियम आणि बाहेर मोठाली चुंबकं. लोंढा एकीकडे वळतो आणि नवं केंद्र पुढे जाऊन सिलिकॉनच्या तुकड्यात रुततं. मग त्याच ठिकाणाहून एकामागून एक अल्फा कण सुटू लागतात. प्रत्येक अल्फा कणाबरोबर दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन जातात आणि मागे राहतं ते वेगळंच मूलद्रव्य. ११३ चं १११ होतं, १११ चं १०९, मग १०७, मग १०५. दर वेळी कणाची ऊर्जा मोजायची, दोन कणांमध्ये किती वेळ गेला ते मोजायचं. ही उतरंड शेवटी अशा एखाद्या केंद्रापाशी पोचली पाहिजे, ज्याची ओळख आधीपासून पक्की आहे. ती पटली की उलट्या पावलांनी वर चढत जायचं आणि म्हणायचं, ज्या अर्थी ही आहे, त्या अर्थी हिची आई होती, तिची आई होती, आणि सगळ्यांच्या वर एकशे तेरा होतं.

हो, आई. इंग्रजी पुस्तकांत अल्फा कण गेल्यावर उरलेल्या केंद्राला डॉटर म्हणतात. लेक. तिच्यापुढची ती ग्रँडडॉटर, नात. मुलगा म्हणायची पद्धत नाही. चौतीस वर्षं मी हा शब्द वर्गात उच्चारला. त्याच्यापाशी मी थबकले ती निवृत्तीनंतर, रामबागेचं घर विकायला काढलं तेव्हा, काकांची वंशावळ भिंतीवरून उतरवून गुंडाळत असताना.

काका नाशिकला जे करत होते, तेच वाकोला चाललं होतं. खालच्या ओळखीच्या नावावरून वरचं नाव. फरक इतकाच, की काकांची साखळी मुलग्यांची होती आणि ही लेकींची.

मग मला वाटलं, माझी लेकींची साखळी कुठवर जाते? मी, माझी आई, आईची आई. तिच्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. आणि थोडं आणखी थांबून विचार केला तर लक्षात आलं, आईच्या आईचंही धड माहीत नाही. आम्ही तिला आजी म्हणायचो, बाकीचे लक्ष्मी. ते सासरचं नाव. आजोबांनी लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं. त्याआधी चौदा वर्षं ती कुणीतरी दुसरी होती आणि तिला कुणीतरी दुसऱ्याच नावाने हाक मारत होतं.

शेवटच्या आजारात आजीला कुणी 'लक्ष्मी' म्हणून हाक मारली तर ती बघायची नाही. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मीही. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, किरणोत्सर्गाचं प्रकरण पाठ करत होते. दुसऱ्या नावाने हाक मारून बघावी हे कुणाला सुचलं नाही, कारण ते नाव कुणालाच येत नव्हतं.

रामबागेच्या त्या घरच्या माळ्यावर मला एक पितळी तांब्या मिळाला. कळकलेला, काठाला पोचा. चिंच-मीठ लावून घासला तेव्हा गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं वर आली: 'चि. सौ. कां. कृष्णा हिस मामांकडून, शके १८४९.' शके १८४९ म्हणजे १९२७-२८. आजीचं लग्न त्याच सुमाराचं. चि. सौ. कां. म्हणजे लग्न अजून लागायचं आहे, नाव अजून बदलायचं आहे. मी ओट्याशी उभी होते, नळ तसाच चालू होता.

पण तांब्या एक. त्या माळ्यावर कुणाकुणाची भांडी आली असतील. शेजारणीचा राहिलेला असू शकतो, जुन्या बाजारात घेतलेला असू शकतो. मुलगी म्हणाली, "आई, तूच शिकवतेस ना, एका निरीक्षणावर विश्वास ठेवू नये म्हणून." बरोबर बोलली ती. एका तांब्यावरून माझ्या आजीला कृष्णा म्हणायचा मला अधिकार नव्हता.

वाकोतही नेमकं हेच झालं होतं. पहिल्या दोन्ही साखळ्या डब्नियमपाशी, म्हणजे १०५ पाशी, तुटल्या. ते केंद्र अल्फा कण टाकून पुढे जाण्याऐवजी फुटलं, सरळ दोन तुकडे. तुकड्यांवरून कूळ सांगता येत नाही. त्यातून मधली एक कडी, बोहरियम २६६, तिचा स्वतःचा स्वभावच नीट माहीत नव्हता. निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने सांगितलं, पुरावा आश्वासक आहे, पण पुरेसा नाही. त्याच सुमारास रशियातल्या दुब्ना इथल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचाही दावा होता. त्यांनी ११५ बनवलं होतं आणि त्याची लेक ११३. पण त्यांचीही साखळी ओळखीच्या घरापर्यंत पोचत नव्हती.

यानंतर मोरितांच्या गटाने जे केलं त्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर आहे, तिसऱ्या अणूपेक्षाही. ते नुसते पुढच्या अणूची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी ती मधली कडी वेगळ्या वाटेने बनवून पाहिली. क्युरियमवर सोडियमचा मारा करायचा, ९६ अधिक ११ म्हणजे १०७, तेच बोहरियम २६६. ते कसं वागतं, किती वेळ राहतं, त्याची लेक कोण, हे सगळं स्वतंत्रपणे नोंदवलं. म्हणजे उद्या साखळीत ती कडी आली की कुणी 'ही कोण' म्हणून विचारू नये. कुठल्याही वृत्तपत्राचा मथळा होणार नाही असं हे काम. पण साखळी टिकते ती अशा कामावर.

मी देवासला गेले. आजीच्या धाकट्या बहिणीची मुलगी तिथे राहते, माझ्या आईची मावसबहीण, म्हणजे मला मावशीच. वय ऐंशीच्या पुढे, कान तीक्ष्ण, आवाज खणखणीत. मी तांब्याचं काही बोलले नाही. मुद्दामच. आधी सांगितलं असतं तर तिच्या 'हो'ला किंमत राहिली नसती. पोहे झाले, जिरावण कमी पडलं म्हणून तिने सुनेला पुन्हा आत पाठवलं, चहा झाला. मग मी विचारलं, "मावशी, तुझी आई माझ्या आजीला काय म्हणायची गं?" ती लगेच म्हणाली, "कृष्णाताई. दर दिवाळीला पत्र घालायची ना, 'ती. कृष्णाताईस'. मीच टाकून यायची पोस्टात."

तेव्हा मी पिशवीतून तांब्या काढला. मावशीने तो हातात घेतला, बोटाने अक्षरं चाचपली, आणि बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

त्यानंतर मी विचारलं, "आणि त्यांची आई? तुझी आजी, माझी पणजी?" मावशीला सासरचं नाव माहीत होतं, सरस्वती. माहेर झाशीकडचं कुठलंसं. माहेरचं नाव? तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. "नाही गं," म्हणाली. "आईला कधी विचारलंच नाही."

साखळी तिथे फुटली. का फुटली हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते. आमच्या आजीकडे पितळेचं खूप होतं. दोन घागरी, एक मोठी परात, वेळण्या, तपेली, आणि सगळ्यावर नावं घातलेली. त्या काळी नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नसे. सत्तरच्या दशकात घरोघर स्टील आलं. कल्हई लावायला माणूस मिळेना, घासता घासता बायकांचे हात दुखत, त्यात आईची चूक काही नव्हती. तिने पितळ मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले. राजवाड्यामागच्या बर्तन बाजारात ती भांडी टांग्यातून न्यायला मी बरोबर होते. परात माझ्या मांडीवर होती. तिच्यावर कडेने लिहिलेलं होतं, लांबलचक, दोन ओळी. मी वाचलं नाही. मी सोळा वर्षांची होते आणि मला नवे डबे हवे होते. दुकानात वजन झालं, एकेक भांडं घणाने चेपून ढिगात टाकलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यात पणजीचं नाव होतं की नाही हे मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अणूच्या मध्ये सात वर्षं गेली. सात वर्षं चार महिने. मारा चालू, यंत्रं चालू, आणि सिलिकॉनच्या तुकड्यावर काही नाही. मोरिता देवळात गेले की ११३ येन वाहत, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खजराण्याचा गणपती आठवला. इंदूरचा माणूस नवस बोलायला तिथे जातो आणि देवळाच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून येतो. इच्छा पुरी झाली की पुन्हा जाऊन सुलटं काढायचं. किती उलटी स्वस्तिकं तिथे सुलटी व्हायची वाट बघत असतील! प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाने देवळात नाणी का वाहावीत, असं विचारणारे मला भेटले आहेत. माझं म्हणणं असं, की त्या माणसाने आपल्या हातातलं सगळं केलं होतं. चाक फिरत होतं, वेग नेमका होता, मधली कडी तपासून झाली होती. उरलं होतं ते कुणाच्याच हातात नव्हतं. अशा वेळी माणसाने कुठेतरी जाऊन डोकं टेकलं, तर त्याचं विज्ञान उणं होत नाही.

माझी एक विद्यार्थिनी राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. सुखनिवासाकडच्या त्या आवारात मी एकदा मुलांना घेऊन गेले होते तेव्हा तिने आम्हाला इंडस-२ दाखवलं. पावणेदोनशे मीटरला जरा कमी परिघाचं कडं, आत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन. तिथे नवी मूलद्रव्यं बनत नाहीत, त्या इलेक्ट्रॉनांनी सोडलेल्या प्रकाशात पदार्थांची आतली रचना पाहतात. मी तिला वाकोच्या सात वर्षांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, रिकाम्या रात्रीची नोंदसुद्धा नीट लिहावी लागते. काही आलं नाही, हेही मोजमापच असतं." ती नववीत असताना मी तिला वही नेटकी ठेवण्यावरून रागावले होते. ते तिला आठवत नव्हतं, मला आठवत होतं.

१२ ऑगस्ट २०१२ ला तिसरा अणू आला. ११३, १११, १०९, १०७, १०५. डब्नियमपाशी या वेळी केंद्र फुटलं नाही. सुमारे दोन मिनिटं ते तसंच राहिलं. आधीच्या कड्या सेकंदाच्या तुकड्यांत किंवा फार तर काही सेकंदांत उरकलेल्या, आणि इथे दोन मिनिटं. मग त्याने अल्फा कण टाकला आणि झालं १०३, लॉरेन्सियम. माझ्या वर्गातल्या तक्त्यावरचं छापील शेवटचं घर. मग आणखी एक कण, आणि १०१, मेंडेलेव्हियम. सहा अल्फा कण, सलग, एकाच जागेवरून, आणि खालची सगळी मंडळी ओळखीची. साखळी ज्याच्यापाशी येऊन थांबली ते मेंडेलेव्हियम ज्यांच्या नावाचं आहे, त्या मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडताना न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी मोकळी घरं सोडली होती.

या साखळीतली दुसरी पायरी, एकशे तेराची नात, म्हणजे १०९. मायटनेरियम. लिझ माइट्नर यांच्या नावाचं. त्या १८७८ मध्ये व्हिएन्नात जन्मल्या. बर्लिनमध्ये ओटो हान यांच्यासोबत तीस वर्षं त्यांनी काम केलं. ज्यू घराण्यातल्या असल्यामुळे १९३८ च्या जुलैमध्ये त्यांना जर्मनीतून चोरून बाहेर पडावं लागलं, जवळपास नेसत्या वस्त्रांनिशी. त्याच वर्षाअखेर हान यांचं पत्र आलं, युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले तर बेरियम मिळतं, हे कसं? स्वीडनमध्ये नाताळच्या सुट्टीत, बर्फात फिरायला निघालेल्या माइट्नर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी ओंडक्यावर बसून कागदाच्या चिठोऱ्यावर गणित मांडलं: केंद्र दुभंगलं आहे, आणि त्यातून एवढी ऊर्जा सुटली पाहिजे. अणुविखंडन म्हणजे काय हे जगाला त्या ओंडक्यावर कळलं. १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळालं. माइट्नर यांना ते कधीच मिळालं नाही. १९६८ मध्ये केंब्रिजला त्या वारल्या. १९८२ च्या २९ ऑगस्टला जर्मनीत डार्मश्टाटला बिस्मथवर लोखंडाचा मारा करून १०९ चा पहिला अणू मिळाला. एकच अणू. त्याला १९९७ मध्ये त्यांचं नाव कायम झालं. क्युरियमच्या नावात मारी क्युरी आहेत, पण पियेर यांच्याबरोबर. एकट्या, खऱ्याखुऱ्या स्त्रीच्या नावाचं मूलद्रव्य आवर्तसारणीत हे एकच.

ज्या बाईचं नाव वगळलं गेलं, तिच्या नावाची कडी गाळली तर एकशे तेरा सिद्धच होत नाही. नुसता योगायोग आहे हे मला कळतं. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, योगायोगाला कारण चिकटवू नये हे मीच मुलांना सांगत आले. तरी दर वेळी ही साखळी लिहिताना १०९ पाशी माझा हात थांबतो.

२०१५ च्या अखेरीस निवाडा झाला, मान रिकेनला मिळाला. २८ नोव्हेंबर २०१६ ला नाव कायम झालं: निहोनियम. निहोन म्हणजे जपान. आशियात सापडून आशियातल्या लोकांनी नाव दिलेलं हे पहिलं मूलद्रव्य. या नावामागेही एक तुटलेली साखळी आहे. १९०८ मध्ये मासाताका ओगावा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने आपल्याला ४३ वं मूलद्रव्य मिळालं असं जाहीर केलं होतं आणि त्याला निप्पोनियम म्हटलं होतं. ते ४३ नव्हतं, म्हणून नाव रद्द झालं. पुढे फार वर्षांनी लक्षात आलं, की त्यांच्या हातात होतं ते ७५ वं, रेनियम. तेव्हा तेही कुणाला सापडलेलं नव्हतं. घर चुकलं, एवढंच. आणि एकदा वापरून रद्द झालेलं नाव पुन्हा देत नाहीत, म्हणून निप्पोनियम नाही, निहोनियम. रिकेनच्याच योशिओ निशिना यांनी बांधलेले सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारी यंत्रं, १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने मोडून टोकियोच्या खाडीत बुडवले होते. हे वाचल्यावर मला परातीचा तो आवाज पुन्हा ऐकू आला.

मी निवृत्त झाले २०१६ मध्येच. नाव कायम झाल्याचं कळलं तेव्हा शाळेत गेले, नव्या बाईंची परवानगी घेतली आणि पेन्सिलीवर शाईने लिहून आले.

परवा बर्तन बाजारात गेले. तिथे आता नावं यंत्राने घालतात, पण एका गल्लीच्या तोंडाशी अजून एकजण हातोडी-छिन्नी घेऊन बसतात. नवा पितळी तांब्या घेतला, नातीसाठी. कागदावर नावं लिहून नेली होती, एकाखाली एक. वर थोडी जागा, मग कृष्णा, मग आईचं माहेरचं नाव, मग माझं, मग मुलीचं, मग नातीचं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"माताजी, ऊपर जगह छूट गई है। वहाँ से शुरू करूँ?"

"नहीं भैया," मी म्हटलं, "वो जगह रहने दीजिए।"

त्यांनी तांब्या मांडीत धरला, खडूने ती जागा आखून बाजूला ठेवली आणि तिच्याखाली 'कृ'चा पहिला ठिपका मारला.